घाटमाथ्यावरचं पाणी

कर्जत सोडायचं ते रेल्वेनं, अशी आमच्या घरची रीत. घाटासाठी गाडीला जादा इंजिन लागेपर्यंत फलाटावर वडापाव खायचा आणि हात हलवायचा. पण बाबांची बदली सोलापूरला झाली आणि आम्ही सामानासकट जीपनं निघालो. तुम्ही म्हणाल, मजाच की! पण गाव कायमचं सोडताना मजा कुठली? उल्हास नदी मागे पडली तशी धाकटी मुसमुसू लागली.

पळसदरी गेली, खालापूर तालुक्यातली खोपोली आली. डोंगरावरून उतरणारे जाडजूड नळ पाहून ती म्हणाली, "ताई, हे कसले गं?"

बाबांनी सांगितलं, "इथं १९१५ पासून टाटांचं वीजघर आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी या नळांतून खाली येतं, वीज तयार करतं आणि पाताळगंगेतून अरबी समुद्राला जातं. खरं तर हे पूर्वेकडे जाणारं पाणी. माणसानं ते इकडे वळवलं."

"आणि वळवलं नाही ते?"

"ते इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून उजनी धरणात. सोलापूरच्या नळाला उजनीचंच पाणी येतं."

घाटात शिंगरोबाला हात जोडले. धाकटीनं डोळे पुसले. "म्हणजे तिकडेही आपल्याच डोंगराचं पाणी प्यायचं!"

कर्जतची आठवण आम्हाला अजूनही येते. तुमच्यावर गाव सोडायची वेळ आली, तर नकाशा उघडा आणि दोन्ही गावांच्या नद्या शोधा. कुठंतरी नातं सापडेल!