आपला विश्वासू

फुलस्केप कागद, डावीकडे दुमडून पाडलेला समास, उजव्या कोपऱ्यात तारीख. नोकरीचा अर्ज घरातून निघायचा तो असा, धुतलेलं धोतर नेसून तहसीलला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा. 'प्रति'खाली साहेबाचं पद लिहिताना अक्षर सगळ्यात वळणदार. स्वतःच्या सहीपर्यंत येता येता ते बारीक होई. अर्जदार कुणीही असो, अर्जाचं बोलणं ठरलेलं. वरील विषयी विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की... आणि शेवटी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. ज्याचं तोंड जन्मात पाहिलं नाही, त्याचा 'आपला विश्वासू'.

अर्जाचं घराणं जुनं. शब्द मूळचा अरबी, फारसी दप्तरातून आलेला. आमचा बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, कचेरीची भाषा उर्दू. अर्ज, अर्जदार, दाखला, तारीख ही सगळी मंडळी कधीपासूनच आमच्या ओसरीवर बसलेली. मुशायऱ्यातला शायरसुद्धा 'अर्ज किया है' म्हणूनच तोंड उघडतो. पण त्याला दाद मिळते. आमच्या अर्जदाराला ती मागावी लागते.

सोबत सत्यप्रतींची वरात असायची. एकेका गुणपत्रिकेवर शिक्का मारून घ्यायला राजपत्रित अधिकारी शोधत फिरायचं, तो सापडला तर शाईचा पॅड वाळलेला. २०१५ साली राज्य सरकारनं स्वतःच सही करून साक्षांकन करायची मुभा दिली आणि ही पायपीट थांबली. दुसरा सोबती म्हणजे शिफारशीची चिठ्ठी. अर्ज फायलीत पडे, चिठ्ठी साहेबाच्या खिशात जाई. कोण आधी पोचे, हे सांगायला नको. मी माझा पहिला अर्ज तीनदा कोरून लिहिला होता. ज्यांच्या हाती दिला त्यांनी न वाचताच त्यावर चहाची बशी ठेवली. 'विश्वासू'भोवती उमटलेलं ते गोल तपकिरी कडं अजून आठवतं.

नुसत्या अर्जावर नोकरी लागलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

सरकारी दारात तर अर्ज आता दिसतही नाही. शिक्षकभरतीला २०१७ पासून पवित्र पोर्टल. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर धाव, छाती ७९ सेंटिमीटर, फुगवून पाच जास्त. 'महोदय' म्हणायला जागाच नाही. चौकटी आहेत, त्या भरायच्या. ह्याचं मला वाईट वाटत नाही. चौकटीला निदान चिठ्ठी देता येत नाही.

पण पुण्याकडच्या खासगी कंपन्या कधी कधी अजून त्याला बोलावतात. नाव बदललंय, आता तो कव्हर लेटर. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं परवा चाकणच्या गोदामातल्या नोकरीसाठी असं एक पत्र मोबाइलकडून लिहून घेतलं आणि मला दाखवायला आणलं. इंग्रजी गुळगुळीत. उत्साही, ध्येयनिष्ठ, संघभावना असलेला कुणी तरुण त्यात होता. हा तरुण आमच्या गल्लीत राहत नाही. जुना अर्ज वाकून बोलायचा, हा छाती काढून बोलतो; पोराबद्दल दोघंही काही सांगत नाहीत.

मी विचारलं, "बारावीच्या आधी दोन वर्षं तू दिवाळीनंतर कुठं असायचास?"

"कारखान्याला. आईदादांसंगं."

हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. ऊसतोडीच्या टोळीत बारा कोयते, म्हणजे बारा जोडपी. लिहितावाचता येणारा हा एकटाच धड, म्हणून वही ह्याच्याकडे. रोज किती गाड्या भरल्या, काट्यावर वजन किती आलं, कोण आजारी, कोणाचा खाडा, सगळं तारीखवार. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मुकादमानं उचल फेडून घ्यायला हिशेब मांडला तेव्हा टनेज कमी भरलं. पोरानं वही पुढं केली, काट्याच्या पावत्या काढल्या. एकेक पावती लावता लावता रात्र झाली. आकडा वहीचाच निघाला.

"मग हे लिही की."

"सर, ऊसतोडीचं कशाला लिव्हायचं? हसतेल की."

त्याला राजी करायला दोन दिवस लागले. गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची नोंदच ठेवायची आहे ना, मग तुझ्याएवढी नोंद कुणी ठेवलीय? शेवटी त्याच्याच साध्या इंग्रजीत चार ओळी झाल्या: बारा जोडप्यांचा दोन हंगामांचा हिशेब ठेवला आहे, आकडा जुळेपर्यंत उठत नाही. व्याकरणाची एक चूक राहिली. ती मी मुद्दाम दुरुस्त केली नाही. खाली त्यानं सवयीनं 'आपला विश्वासू'चं इंग्रजी टाकलं. तेही राहू दिलं. त्याच्या बाबतीत ते खरं होतं.

पत्र शनिवारी गेलं. उत्तर अजून नाही. त्यानं मात्र आईच्या ट्रंकेतून ती वही काढली, पानन्‌पान मोबाइलमध्ये टिपून ठेवलं आणि पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जागेवर ठेवली. मुलाखतीला बोलावलं तर वहीच घेऊन जाणार म्हणतो.