फुकट शिक्षणाचा हिशेब
जर्मनीत सरकारी विद्यापीठात फी नसते, हे आता आमच्या बेळगावात हळदीकुंकवालाही ऐकू येतं. बरंचसं खरंच आहे ते. पण बायांनो, हिशेब पुरता ऐका.

बहुतेक ठिकाणी सेमिस्टरला थोडी वर्गणी भरली की झालं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना 2017 पासून सेमिस्टरला 1500 युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही 2024 पासून अशा नव्या मुलांना फी लावलीय. खरी धडकी भरते ती व्हिसाच्या वेळी. वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो, म्हणजे दहा लाखांहून जास्त, बंद खात्यात आधी भरून दाखवायचे. ही फी नव्हे. पैसा मुलाचाच, तिकडे पोचल्यावर महिन्याला 992 युरो त्याच्याच हाती येतात. पण आधी उभा तर करायला हवा!

नात्यातल्या एका वहिनींनी मुलासाठी पाटल्या-तोडे गहाण टाकले, तेव्हा घरात कुणी चकार शब्द काढला नाही. दोन वर्षांनी धाकटीला प्रवेश मिळाला, तर सगळे म्हणाले, "सोनं तिच्या लग्नाला राहू दे."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तिच्याच नावचं सोनं ना? मग तिला पाहिजे तेव्हा नको का द्यायला?"

बायांनो, युरोचा भाव रोज बदलतो. हा हिशेब मात्र आपल्याच हातात आहे.