खात्यात आलेले पैसे नेमके कुणाचे?

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत आम्ही तीन-चार कार्यकर्ते नागसेनवनात पोरांचे महाडीबीटीचे फॉर्म भरून द्यायला बसतो. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, शेवटी आम्हाला किती भरावं लागंल?" या प्रश्नाचं लेखी उत्तर मी अजून एकाही पालकाच्या हातात पाहिलेलं नाही.

तोंडी उत्तरं मात्र भरपूर. "एससी आहे ना, मग काही भरायचं नाही." आणि प्रवेशाच्या दिवशी डेव्हलपमेंट फी, अनामत, गणवेश, शिवाय 'इतर'. यातलं परत काय मिळणार, सरकार काय देणार आणि बुडीत काय, हे पावती बघून कळत नाही.

मुळात शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच अनेकांना माहीत नसतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे फी अधिक भत्ता. दाखल्यावर दोन लाख साठ हजार आले की फ्रीशिप. शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं, भत्ता नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली तर दोन्ही नाही. हे पालकाला कधी कळतं? पैसे भरून झाल्यावर.

सगळ्यात मोठा घोळ २०२१ नंतरचा. नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. समजा फी ८०,००० आहे, तर ४८,००० पोराच्या खात्यात. त्यात फीचा हिस्सा किती आणि भत्ता किती, हे बँकेच्या मेसेजमध्ये नसतं. पैठण तालुक्यातल्या एका शेतमजूर बापाने असे आलेले पैसे पोराला मिळालेली मदत समजून उधारी फेडली, थोडे घरात लावले. शेवटच्या वर्षी कॉलेजने गुणपत्रिका अडवली आणि चारचौघांत सुनावलं, "तुम्ही शिष्यवृत्ती खाल्ली." त्या माणसाची मान खाली गेलेली मी पाहिली आहे. हे पैसे कॉलेजला द्यायचे आहेत असं त्याला आधी लिहून कुणी दिलं होतं? मग चोर तो कसा?

संस्थाचालक म्हणतात, सरकारच उशिरा पैसे देतं. खरं आहे, आणि त्यासाठी सरकारशी भांडलंच पाहिजे. पण एक कागद छापायला सरकारी अनुदान लागत नाही. व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. आकडा कॉलेजला पाठ असतो. एका क्लार्कने मला खासगीत सांगितलं, "लिहून दिलं की बदलता येत नाही." माणूस प्रामाणिक निघाला!

१९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानाशी करार करून. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, बदल्यात दहा वर्षं नोकरी. अट जड होती, पण काय मिळणार आणि काय द्यावं लागणार हे निघण्याआधी कागदावर होतं. शंभराहून अधिक वर्षांनी आपल्या पोरांना तेवढंही मिळू नये?

स्वाधारचंही तेच. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्याला आपल्या शहरात वर्षाला ५१,००० रुपये. आकडा चांगला आहे, पण पैसे कोणत्या महिन्यात येणार हे कुणी सांगत नाही, आणि खोलीमालक भाडं पहिल्याच महिन्यात मागतो. म्हणून नुसती रक्कम लिहून भागत नाही.

आमची मागणी एका पानाची आहे. प्रवेशाच्या सहीआधी, मराठीत, शिक्का मारून: एकूण फी किती, सरकार किती भरणार, आज रोख किती, त्यातलं परत किती, आणि तुमच्या खात्यात येणाऱ्या रकमेतलं कॉलेजचं किती.

तोवर एक करा. पावत्या फेकू नका. 'इतर' लिहिलेल्या पावत्या तर मुळीच नाही. कॉलेजनिहाय फोटो जमवा, कुणाकडून कधी किती घेतले ते तारखेसह वहीत लिहा. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जाताना तोंडी गाऱ्हाणं नको, ती थप्पी सोबत न्या आणि पोच घेऊनच परत या.