पौषातली खाडी

आज पहाटे दिवाळे कोळीवाड्यातल्या दादांबरोबर होडीतून पनवेल खाडीत गळाने जिताडा मासा धरायला गेलो. उत्तरेचा वारा वाढलाय, पाणी गारठलंय. "थंडीत जिताडा खोल पाण्यात जातो भाऊ. ऊन चढू दे, मग खाईल," दादा म्हणाले. अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, त्यामुळे पाण्याला ओढ कमी. खारफुटीच्या कडेला जिवंत कोळंबी गळाला लावून सोडली. वारा, तिथी आणि भरती एकत्र वाचायची ही विद्या त्यांना वडिलांकडून मिळाली. पण ती खारफुटीवर उभी आहे. तिच्या मुळांच्या आडोशालाच माशांची पिल्लं वाढतात. शेजारची ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. तो मान पक्ष्यांइतकाच कोळ्यांचाही आहे. नवी मुंबईकरांनो, खाडीत भराव आणि कचरा टाकू देऊ नका.