बुजवलेला जिना

ब्युनोस आयर्सच्या भुयारी रेल्वेने ‘डी’ मार्गावरच्या शेवटच्या स्टेशनला उतरलो आणि नदीच्या दिशेने चालू लागलो. नोव्हेंबर होता. फुटपाथवर नीलमोहराचा जांभळा सडा पडलेला. लिबेर्तादोर नावाचा रुंद रस्ता लागला आणि पलीकडे चार पांढऱ्या खांबांची देखणी इमारत दिसली. ही ‘एस्मा’, म्हणजे नौदलाची यंत्रशाळा. छळछावणी म्हटलं की गावाबाहेरचा माळ, काटेरी तारा असं काही डोळ्यांपुढे येतं. इथे दारासमोरून बस जाते.

२४ मार्च १९७६ला अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतरच्या सात वर्षांत सुमारे पाच हजार माणसं या आवारात आणली गेली. त्यातली अगदी थोडी जिवंत परतली. याला तुरुंग म्हणणंही चूक ठरेल. तुरुंगाला नोंदवही असते. आणीबाणीत येरवड्याला गेलेल्या माणसाचा पत्ता तरी घरच्यांना ठाऊक असायचा. इथे आई पोलीस ठाण्यात गेली की उत्तर मिळायचं, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही.

आवारातलं अधिकाऱ्यांचं निवासस्थान आता संग्रहालय आहे. आत शिरताना वाटाड्या मुलीने बजावलं, “भिंतींना हात लावू नका. हा न्यायालयातला पुरावा आहे.” म्हणूनच इथे रंगरंगोटी नाही, की पुतळे-देखावे नाहीत. पोपडे उडालेल्या खोल्यांत भिंतीला न टेकता काचेचे फलक उभे केलेत. पडद्यांवर साक्षीदार बोलत राहतात.

माळ्यावर गेलो. उतरतं छप्पर, उकाडा. या जागेचं नाव ‘कापुचा’, म्हणजे डोक्यावरची टोपी. कैद्याच्या डोक्यावर ती हनुवटीपर्यंत ओढलेली, पायांत बेड्या, नावाऐवजी आकडा. लाकडी फळ्यांच्या आडोशात दिवसच्या दिवस आडवं पडून राहायचं. खालच्या दोन मजल्यांवर अधिकारी राहत, झोपत. कैदी वर न्यायचे तेही त्यांच्याच जिन्याने.

डोळे झाकलेल्या माणसाने साक्ष द्यायची कशी? ती दिली कानांनी आणि पायांनी. कुठे पायऱ्या लागल्या, कुठे वळण आलं, लिफ्टचा आवाज कुठून यायचा, विमानं किती खालून जायची, हे सगळं सुटलेल्यांच्या ध्यानात होतं. जवळच रिव्हर प्लेट क्लबचं स्टेडियम आहे. २५ जून १९७८ला तिथे अर्जेंटिनाने हॉलंडला ३-१ हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हाचा जल्लोष माळ्यावर ऐकू आला. त्या रात्री काही कैद्यांना मोटारीत घालून रस्त्यावरचा आनंद दाखवायलाही नेलं होतं. त्यातली एक बाई पुढे म्हणाली की मी ‘बेपत्ता’ आहे असं ओरडले असते, तरी त्या गर्दीत कुणी लक्ष दिलं नसतं.

सप्टेंबर १९७९मध्ये अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेचा मानवी हक्क आयोग पाहणीला येणार होता. परदेशी निसटलेल्यांच्या जबान्या तोवर बाहेर पोचल्या होत्या, आणि त्यांत तळघरात उतरणाऱ्या जिन्याचा उल्लेख होता. नौदलाने गवंडी बोलावले. जिना बुजवला, लिफ्ट काढून टाकली. उरलेल्या कैद्यांना तिग्रेच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका बेटावर हलवलं. ते बेट आधी चर्चच्या मालकीचं होतं आणि त्याचं नाव ‘एल सिलेन्सिओ’, शांतता.

साक्षीदार खोटे पडावेत म्हणून घराचाच नकाशा बदलला. पण १९८३च्या डिसेंबरात लोकशाही आली. राष्ट्राध्यक्ष आल्फोन्सिन यांनी कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाची माणसं वाचलेल्यांना घेऊन अशा जागांवर गेली. ज्यांनी ही घरं कधी धड पाहिलीच नव्हती, ते इथे अमुक होतं, तिथे तमुक होतं असं सांगत चालले. बुजवलेल्या जिन्याचा आणि लिफ्टचा माग आजही दिसतो. आयोगाने ८,९६१ बेपत्तांची आणि सुमारे ३४० गुप्त ठिकाणांची नोंद केली. मानवी हक्क संघटना मात्र ३०,००० हा आकडा सांगतात.

तळघरात उतरलो. इथे छळ व्हायचा आणि इथेच एक फोटोची खोलीही होती. बिक्तोर बास्तेर्रा हा छापखान्यातला कामगार. त्याला अधिकाऱ्यांची खोटी ओळखपत्रं बनवायला जुंपलं होतं. प्रत्येक फोटोची तो एक प्रत जास्त काढायचा आणि फोटोच्या कोऱ्या कागदांच्या खोक्यात दडवायचा. उजेड लागला तर कागद वाया जाईल, म्हणून ते खोकं पहारेकरी उघडत नसत. थोड्या वेळासाठी घरी सोडू लागले तेव्हा त्याने एकेक फोटो कपड्यांत लपवून बाहेर नेला. लष्करी राजवटीच्या म्होरक्यांवरच्या १९८५च्या खटल्यात ते चेहरे न्यायालयापुढे आले. त्या खटल्यात आठशेहून जास्त साक्षीदार झाले आणि त्या म्होरक्यांपैकी बिदेला व मासेरा यांना जन्मठेप झाली.

तळघराचं आणखी एक काम होतं. बहुधा बुधवारी आकडे पुकारले जात. ‘बदली’ झाली, असं सांगत. खाली आणून गुंगीचं इंजेक्शन द्यायचे, विमानात घालायचे आणि जिवंतपणीच समुद्रात किंवा ला प्लाता नदीच्या मुखात ढकलायचे. म्हणजे बुजवलेला तो जिना बहुतेकांच्या आयुष्यातला शेवटचा जिना होता.

बुजवण्याचं काम पुढेही चालूच राहिलं, फक्त विटांच्या जागी कायदे आले. १९८६ आणि १९८७च्या कायद्यांनी नवे खटले थांबवले, मग राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली. १९९८मध्ये त्यांनी ही इमारतच पाडून राष्ट्रीय ऐक्याची हिरवळ करायचं ठरवलं. बेपत्तांच्या नातेवाइकांनी न्यायालयातून ते रोखलं. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे घटनाबाह्य ठरवले. २०१७च्या निकालात एका दिवशी २९ जणांना जन्मठेप झाली. त्यांत विमान चालवणारेही होते. पुराव्यात १४ डिसेंबर १९७७च्या उड्डाणाची नोंद होती.

त्या विमानातून टाकलेल्यांत बेपत्ता मुलांना शोधणाऱ्या ‘प्लासा दे मायोच्या माता’ या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, अझुसेना बिय्याफ्लोर होत्या. मुलाला शोधता शोधता त्या स्वतःच बेपत्ता झाल्या. काही दिवसांनी समुद्राने किनाऱ्यावर प्रेतं आणून टाकली. ती बेवारस म्हणून पुरली गेली. २००५मध्ये न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांनी हाडं तपासली. ती उंचावरून पडून मोडलेली होती.

संध्याकाळी नदीकाठी गेलो. तिचं पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, आणि पलीकडचा काठ दिसतच नाही. टाकलेलं कुणाला सापडणार नाही असं इथे कुणालाही वाटावं. डोक्यावरून एक विमान खूप खालून गेलं. मी डोळे मिटले आणि ते कुठल्या दिशेने गेलं, ते नुसत्या कानांनी ओळखायचा प्रयत्न केला. मला काही जमलं नाही.