अर्ज आणि ठराव

चंदीगड हे नगर आधी कागदावर वसले आणि मागाहून जमिनीवर उतरले. १९५१ मध्ये ल कॉर्बूझिए यांनी त्याच्या आखणीचे काम हाती घेतले, तेव्हापासून रस्त्यांचे सात प्रकार, सुमारे बाराशे मीटर लांब व आठशे मीटर रुंद असे सेक्टर, सेक्टराच्या पोटातून जाणारा बाजाररस्ता, इतकेच नव्हे तर कोणत्या रस्त्याच्या कडेला कोणती झाडे असावीत हेदेखील ठरवून देण्यात आले. १९५२ च्या राजधानी-विकास कायद्याने या आखणीला दंडशक्ती प्राप्त करून दिली. माणसे राहावयास येण्यापूर्वीच त्यांच्या राहण्याची इतकी तपशीलवार व्यवस्था झालेली शहरे आपल्याकडे विरळाच. या व्यवस्थेत एक जागा मात्र दीर्घकाळ रिकामी राहिली. आपल्या दारापुढील गटाराविषयी नागरिकाने कोणाशी आणि कोणत्या अधिकाराने बोलावे, याचे उत्तर आराखड्यात नव्हते.

१ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबचे विभाजन झाले आणि चंदीगड दोन राज्यांची राजधानी व स्वतः केंद्रशासित प्रदेश बनले. आरंभी मुख्य आयुक्त, १९८४ पासून पंजाबचे राज्यपाल हेच प्रशासक, अशी सत्तेची रीत राहिली. महानगरपालिका आली ती १९९४ मध्ये, तीही पंजाबचा १९७६ चा महापालिका कायदा येथे लागू करून. आणि तिची पहिली निवडणूक झाली डिसेंबर १९९६ मध्ये. म्हणजे पूर्ण तीस वर्षे दोन राज्यांच्या विधानसभा ज्या शहरात भरत होत्या, त्या शहराच्या रहिवाशाला स्वतःच्या रस्त्यावरील दिव्यासाठी हात वर करता येईल असे एकही सभागृह नव्हते. त्याच्यापाशी एकच साधन होते, आणि ते म्हणजे अर्ज.

शिल्पकाराला या उणिवेची जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. कॅपिटॉलच्या आवारात ‘उघडा हात’ हे जे प्रचंड धातुशिल्प आहे, त्याच्या पायथ्याशी जमिनीत खोलवर उतरणारे एक सभास्थान कॉर्बूझिए यांनी कल्पिले होते. नागरिकांनी तेथे जमावे आणि सार्वजनिक प्रश्नांचा विचार करावा, हा त्यामागील हेतू. त्याचे नावच मुळी ‘विचाराचा खंदक’ असे ठेवले होते. शिल्प उभे राहिले १९८५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. आणि सुरक्षेच्या कारणास्तव त्या आवारात सामान्य माणसाच्या मुक्त प्रवेशावर दीर्घकाळ निर्बंध राहिले. विचार करण्यासाठी खणलेल्या खंदकात उतरण्याकरिताही परवानगीचा अर्जच करावा लागावा, ही गोष्ट कोणा विनोदकाराला सुचली असती तर ती अतिशयोक्त म्हणून बाजूस सारली गेली असती.

अर्ज आणि ठराव यांतील अंतर वरवर पाहता भाषेचे दिसते. एकात ‘कृपा व्हावी’ असते, दुसऱ्यात ‘ही सभा असे ठरविते की’ असते. वस्तुतः हे अंतर नोंदीचे आहे. अर्जाला उत्तर न देणे हेही कार्यालयाच्या लेखी एक उत्तरच असते आणि ते देण्यासाठी कोणालाही स्वतःचे नाव लावावे लागत नाही. ठराव मांडला गेला की त्याला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. तो मंजूर होतो, फेटाळला जातो, तहकूब होतो किंवा दप्तरी दाखल होतो. यांपैकी काहीही घडले तरी ते इतिवृत्तात उतरते आणि कोण कोणत्या बाजूस होते हे पुढे विचारता येते. दिवा लागो वा न लागो, तो लावण्यास कोणाचा विरोध होता हे तरी कळते. ही प्राप्ती लहान नव्हे.

मराठी वाचकाला हा फरक परका वाटू नये. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि तेही निवडून आलेले नव्हे, सरकारनियुक्त. नियुक्त सभासदाकडून सरकारची अपेक्षा काय असते हे सांगावयास नको. तरीही व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागताप्रीत्यर्थ हजार रुपये खर्चण्याच्या सूचनेस विरोध करणारे ते एकटेच निघाले, आणि १८८० मध्ये शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली. खर्च व्हावयाचा तो झालाच. पण त्या एका विरोधी मताची आठवण आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही काढली जाते. होकार देणाऱ्यांची नावे शोधावी लागतात.

ठरावाचे दुसरे अंग महाडने दाखविले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव संमत झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. ठराव निर्दोष होता आणि तळ्यावर कोणी फिरकू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या पाण्यापर्यंत चालत गेले तेव्हा तो कागद प्रथम जिवंत झाला. आणि जिवंत झाला म्हणूनच त्याच वर्षीच्या ४ ऑगस्टला नगरपालिकेने तो रद्द केला. जोवर अंमलात येत नव्हता तोवर ठराव कोणाला खुपत नव्हता, ही बाब नगरसंस्थांच्या अभ्यासकाने विसरू नये. न्यायालयाचा शेवटचा निकाल लागावयास १९३७ चा मार्च उजाडावा लागला.

चंदीगडच्या सभागृहाकडे पाहावयाचे ते ही दोन उदाहरणे मनात ठेवून. १९९६ मध्ये तेथे वीस निर्वाचित नगरसेवक होते. २००६ मध्ये ते सव्वीस झाले, २०२१ मध्ये पस्तीस. त्यांच्याखेरीज नऊ सभासद नियुक्त असतात आणि शहराचे खासदार पदसिद्ध सभासद असून त्यांना मत असते. नियुक्तांनाही येथे दीर्घकाळ मताधिकार होता. राज्यघटनेत तसा तो अभिप्रेत नसल्याने पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये तो काढून घेतला. त्या खुर्चीला आता बोलता येते, मोजले जाता येत नाही. फुल्यांच्या स्मरणाने असे वाटून जाते की बोलण्याची इच्छा असेल तर तेवढेही पुष्कळ आहे. बहुधा उणीव असते ती इच्छेचीच.

सभागृहाची बैठक साधारणपणे महिन्यातून एकदा होते. विषयपत्रिका इंग्रजीत असते आणि भांडण पंजाबीत व हिंदीत चालते. वॉर्डातील बाईने नळाच्या पाण्याला वास येतो असे ज्या शब्दांत नगरसेवकाला सांगितले ते शब्द कागदावर येईपर्यंत ‘पाणीपुरवठ्याच्या गुणवत्तेबाबत’ असे काही होऊन जातात. मराठीत कारभार चालणाऱ्या नगरपालिकांतही हे घडतच नाही असे नव्हे, पण तेथे निदान वास हा शब्द वाटेत परभाषेच्या उंबरठ्यावर अडखळत नाही.

प्रत्यक्ष निर्णयाचे पुष्कळसे काम मात्र सभागृहात होत नाही, समितीत होते. आपल्याकडे ही रीत मुंबईने पाडली. १८७२ च्या कायद्याने महापालिकेच्या पोटात बारा जणांची टाउन कौन्सिल आली आणि १८८८ च्या कायद्यात, ज्यामागे फिरोजशहा मेहता यांची बुद्धी होती, तिची स्थायी समिती झाली. चंदीगडात तिच्या जागी वित्त व कंत्राट समिती आहे. महापौर अध्यक्ष आणि सभागृहाने निवडून दिलेले पाच नगरसेवक सभासद. तिच्या जोडीला पाणीपुरवठा, रस्ते, स्वच्छता अशा विषयांच्या उपसमित्या. सभागृहात पक्ष बोलतो. समितीत माणसे बोलतात. पाच-सहा जण एका मेजाभोवती बसले आणि वृत्तपत्रांचे प्रतिनिधी समोर नसले की विरोधी पक्षाचा सभासददेखील फरसबंदीच्या दराविषयी शहाणपणाने प्रश्न विचारतो, असा सर्वत्रचा अनुभव आहे. पदपथाची लादी, उद्यानाचे कुंपण, सामाजिक सभागृहाचे छत हे प्रश्न घोषणांनी सुटणारे नव्हेत. अंदाजपत्रकाचा आकडा बोटाने दाखवून ‘हा एवढा कशाने झाला?’ असे विचारणाराच तेथे उपयोगी.

परंतु समिती हे जसे काम करण्याचे ठिकाण आहे तसेच ते काम निजविण्याचेही आहे. ज्या विषयाला उघड नकार देणे अडचणीचे, त्याबाबत ‘अहवाल मागवावा’ असा निर्णय होतो. अहवाल अधिकाऱ्यांनी द्यावयाचा असतो, अधिकारी बदलून जातात, आणि वर्ष संपते. चंदीगडात वर्षाला विशेष अर्थ आहे, कारण तेथील महापौराची मुदतच एका वर्षाची. महाराष्ट्रात ती अडीच वर्षांची असते व तीही अपुरी म्हणून तक्रार होते. चंदीगडात पाच वर्षांत पाच महापौर. त्यांतील पहिले व चौथे वर्ष स्त्रियांसाठी आणि तिसरे अनुसूचित जातींसाठी राखीव. राखीव जागांचे समर्थन करावे तेवढे थोडेच, पण ज्या खुर्चीवर बसणाऱ्याला कागदपत्रे उमगेपर्यंत उठावे लागते ती खुर्ची देऊन नेमके काय दिले, असा प्रश्न अनुसूचित जातीच्या महापौराने विचारल्यास त्याला उत्तर देणे सोपे नाही. नव्या महापौराबरोबर समित्याही नव्याने बसतात आणि मागच्यांनी मागविलेला अहवाल पुन्हा मागविता येतो.

याहून मोठी अडचण समितीच्या बाहेर, वरच्या बाजूस आहे. ११ मार्च २०२४ रोजी महापौर कुलदीपकुमार यांच्या अध्यक्षतेखाली सभागृहाने दरमहा प्रत्येक कुटुंबास वीस हजार लिटर पाणी विनामूल्य द्यावे, वाहनतळांचे शुल्क घेऊ नये, असे ठरविले. चंदीगडचे पाणी काजौलीहून, भाक्रा कालव्यावरून उपसून आणावे लागते. ते फुकट नसते हे मान्य केलेच पाहिजे, आणि पैसा कोठून आणणार हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणालाही होता. तो प्रशासक बनवारीलाल पुरोहित यांनी जाहीरपणे विचारला. पुरोहित म्हणजे नागपूरचे, त्या मतदारसंघातून तीनदा लोकसभेवर गेलेले. निवडून येणे म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. ठराव अंमलात आला नाही. त्यांचा आक्षेप बरोबर होता की चूक, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा हा की तो आक्षेप ज्या पातळीवरून आला त्या पातळीला चंदीगडच्या मतदाराचे मत पोचत नाही. महाराष्ट्रातही राज्य शासन महापालिकेचा ठराव कलम ४५१ खाली विखंडित करू शकते, पण ते शासन निदान त्याच मतदारांपुढे पुन्हा मत मागावयास येते. चंदीगडात प्रशासक नेमलेला असतो. त्याच्या दारी गेलेला ठराव पुन्हा अर्ज बनतो.

त्यापूर्वी अवघ्या सहा आठवड्यांमागे, ३० जानेवारीला, याच सभागृहात महापौराच्या निवडणुकीत आठ मतपत्रिका बाद ठरविण्यात आल्या होत्या. निवडणूक अधिकाऱ्याने स्वतःच त्यांवर खुणा केल्याचे चित्रफितीत दिसले. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासमोर, त्या आठ मतपत्रिका पाहिल्या गेल्या आणि निकाल फिरला. छत्तीस मतांच्या निवडणुकीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला मतपत्रिका हाती घ्याव्या लागल्या. २०२५ मध्ये नियम बदलून महापौराची निवड हात वर करून करण्याचे ठरले. गुप्त मतदान गेले याची हळहळ काहींना वाटली. पण नगरसेवक हा आपल्या मतदारांच्या वतीने मत देतो, आणि त्यांनी ते पाहू नये असे त्यात काय असते?

या साऱ्यात ज्यांचे सर्वांत अधिक पणाला लागले आहे ते सेक्टरांतले लोक नव्हेत. आराखड्याबाहेर राहिलेली जी खेडी होती, त्यांपैकी शेवटची तेरा २०१८ च्या अखेरीस महापालिकेत आली आणि त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. तोवर तेथील माणूस ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला नाव घेऊन विचारू शकत होता. आता त्याचा नगरसेवक पस्तिसांतील एक. दादूमाजऱ्याच्या वसाहतीतले रहिवासी तर वर्षानुवर्षे साऱ्या शहराच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी राहत आले. त्या डोंगरावर सभागृहात जितकी चर्चा झाली तितकी क्वचितच दुसऱ्या विषयावर झाली असेल. आखीव शहराचा कचरा आखणीच्या कडेला जाऊन पडतो, आणि तेथल्या माणसाला तो उचला असे म्हणावयाचे तर प्रथम विषयपत्रिकेवर क्रमांक मिळवावा लागतो. तेथला नगरसेवक तो मिळवितो, विषय समितीकडे जातो, समिती अहवाल मागविते; आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा उभा राहून मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यापूर्वी त्यात आपला विषय आहे की नाही, हे वाचून दाखविण्याची मागणी करतो.