तिसरा पास

सकाळचे सात वाजायला दोन मिनिटं कमी. न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन फोन, एक लॅपटॉप आणि गॅसवर चहाचं आधण. साल २०१९, महिना एप्रिल. त्या दिवसापासून बरोबर तीस दिवसांनी आम्ही ऑरलँडोला, डिस्नेच्या अॅनिमल किंगडममध्ये असणार होतो, आणि ठीक सात वाजता त्या दिवसाचे फास्टपास, म्हणजे लांब रांग टाळून आत जायचे परवाने, मिळायला सुरुवात होणार होती. आई डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिने हा सरंजाम बघितला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "प्लॅन उघडतोय वाटतं."

बाबा दादरच्या एका नाट्यगृहात बुकिंगच्या खिडकीत बसायचे. नाटकाचा प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील तक्ता. विकलेल्या खुर्चीवर निळ्या पेन्सिलीने काट मारायची आणि तिकिटाच्या पाठीवर नंबर टाकायचा. चालत्या नाटकाचा प्लॅन उघडायचा त्या दिवशी लोक पहाटेच खिडकीपाशी येऊन उभे राहत. आमच्या घरात पेन्सिलींची बुटकी टोकं कधी संपली नाहीत, मी त्यांनीच पाढे लिहिले. आईला रांग, खिडकी, राखीव खुर्ची आणि हाऊसफुल्लचा बोर्ड यांतलं सगळं कळतं. डिस्नेतलं कळत नाही, असं मला उगाचच वाटत होतं.

तेव्हाचा नियम असा : माणशी तीन पास, फुकट. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ते साठ दिवस आधी घेता यायचे, आमच्यासारख्या बाहेर स्वस्तात उतरणाऱ्यांना तीस. म्हणजे पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर आधीच काट पडलेली. पार्कच्या पँडोरा नावाच्या भागातल्या दोन राइड्सपैकी एकच घेता यायची. त्यातली उडण्याची संपली होती, होडीची मिळाली. दुसरा पास सफारीचा. उघड्या ट्रकमधून जिराफ आणि गेंडे बघायला कोण नको म्हणणार? भांडण झालं ते तिसऱ्या पासावर.

एकीकडे एक्स्पिडिशन एव्हरेस्ट. हिमालयातून जाणारी, मध्येच उलटी धावणारी गाडी आणि शेवटी अंगावर येणारा यती. आमच्या तेरा वर्षांच्या मुलीला याखेरीज काही नको होतं. दुसरीकडे 'फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग', अर्ध्या तासाचा गाण्यानाचाचा प्रयोग. १९९८ साली पार्क उघडलं तेव्हापासून तो चालू आहे. २०१४ मध्ये त्याला आफ्रिकेच्या भागात हरांबे नावाचं नवं, बंदिस्त, थंडगार नाट्यगृह मिळालं. आईला आवडेल असं त्या दिवसात हेच एक होतं. तिने 'लायन किंग' नातीबरोबर सोफ्यावर बसून चारदा पाहिला होता आणि मुफासा पडतो तिथे चारही वेळा उठून पाणी प्यायला गेली होती.

डिस्नेची वारी केलेल्या ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांचं उत्तर एकच : शोवर पास वाया घालवू नका. त्यामागचं गणित बिनचूक आहे. राइड रांग घोटाघोटाने पिते. दर मिनिटाला एक गाडी सुटते, चार-सहा ओळी पुढे सरकतात, आणि मधूनच कोणी पुढे घुसलं तर त्याचा खरोखरच तासभर वाचतो. प्रयोग सगळी रांग एका घासात गिळतो. दार उघडलं की हजाराहून जास्त माणसं एकदम आत. त्यातला पहिला आणि शेवटचा दोघंही एकाच मिनिटाला नाटक बघायला लागतात. पास असला तरी प्रयोगाआधी हजर व्हावंच लागतं, नसला तर थोडं आणखी आधी. मग मिळालं काय? वेळ तर नाही. मिळाली ती खात्री. आत जागा मिळेल ना, या धाकधुकीतून सुटका.

खात्रीला काही किंमत नाही असं मी म्हणणार नाही. डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला, तो आजही दाखल्यादाखल पुढे केला जातो. रिकामं थांबणं लांब वाटतं, आणि किती थांबायचंय ते ठाऊक नसलं की आणखी लांब वाटतं, असं त्याचं म्हणणं. ज्याला एसटीच्या थांब्यावर उभं राहावं लागलंय त्याला हे सांगायला अमेरिकेतला प्राध्यापक कशाला लागतो, ही गोष्ट वेगळी.

मी मात्र आईच्या गुडघ्यांचा हिशेब करत होतो. मे महिन्यातलं फ्लोरिडा म्हणजे कोकणातला मे. दुपारी ढग भरून येतात, चिकचिक होते, आणि सावलीतली फरशीही तापते. व्हीलचेअर भाड्याने घेऊ म्हटलं तर आई म्हणाली, "मी आजारी आहे का? चालत आलेय, चालत जाईन." तेव्हा निदान उभं राहणं कमी व्हावं, एवढंच माझं म्हणणं.

मग बायकोने तोडगा काढला. पास प्रत्येकाच्या नावावर वेगळा असतो. आई काही एव्हरेस्टवर बसणार नाही, तेव्हा तिचा तिसरा पास तसाही पडूनच राहणार. तो सिंहाच्या प्रयोगाचा घ्यावा, बाकी तिघांनी एव्हरेस्टचे घ्यावेत. आईने पासाच्या दाराने आरामात आत जावं, आम्ही साध्या रांगेतून येऊन तिला गाठू. कोणाचंच काही जात नाही. गणित इतकं स्वच्छ होतं की मी लगेच मान डोलावली.

आई चहा गाळत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे मी एकटी आत बसून तुमची वाट बघू? ती तर मी डोंबिवलीतही बघते."

यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. सात वाजून सहा मिनिटांनी मी चौघांचे तिसरे पास सिंहाला लावले. मुलीने फोन उलटा ठेवला आणि टोस्ट घेऊन खोलीत निघून गेली.

इथे एक सांगायला हवं. तेव्हाचा फास्टपास म्हणजे खरं तर रेशनकार्ड होतं. १९९९ मध्ये डिस्नेने तो आणला तेव्हाही फुकटच होता, कागदी चिठ्ठीवर. ज्याला अग्रक्रम म्हणायचं तो सगळ्यांना सारखाच वाटला जात होता, साठ दिवस आणि तीस दिवस एवढाच भेद. २०२१ पासून तिथे पैसे मोजून पुढे जायची सोय सुरू झाली. २०२४ मध्ये तिचं नाव आणि रीत पुन्हा बदलली, पण पैसे राहिले. आज तोच निर्णय घ्यायचा असता तर चौघांचे डॉलर आधी रुपयांत आणि मग आईच्या भाजीपाल्यात रूपांतरित झाले असते, आणि आईने विषय तिथेच मिटवला असता. देवळातही मला विशेष दर्शनाच्या पावतीपेक्षा पंढरपूरची जुनी रीत बरी वाटते : पायांवर डोकं ठेवायचं तर लांबची रांग, नुसतं मुख बघायचं तर जवळची, आणि आषाढीला तेही जमलं नाही तर कळसाला हात जोडून परत फिरायचं. आईने दोनदा कळसावरच भागवलंय, आणि त्याबद्दल कधी कुरकुर ऐकली नाही.

प्रत्यक्षात घडलं ते असं. एव्हरेस्टला एकट्यांची वेगळी रांग असते. जोड्या बसवून झाल्यावर उरलेली एखादी सीट त्यातून भरतात. मुलगी त्यात शिरली आणि माझ्या अंदाजाच्या निम्म्या वेळात बाहेर आली. केस पिंजारलेले आणि आवाज बसलेला. बसवलं होतं एका अनोळखी काकांशेजारी, आणि तिच्या सांगण्यानुसार ओरडले सगळे तेच. म्हणजे ज्या पासावरून घरात अबोला झाला, तो तिला लागलाच नाही.

हरांबेच्या दारात दोन वाटा होत्या. आमच्या वाटेवर खांब होता. त्याला कार्ड टेकवलं की मिकीच्या कानांचं वर्तुळ हिरवं उजळायचं. चारदा हिरवं झालं. शेजारच्या साध्या रांगेत एक बाई दोन मुलांना घेऊन उभी होती. धाकट्याच्या मुठीत अर्धवट विरघळलेलं आइस्क्रीम होतं, आणि ते कोपरापर्यंत येऊन तिथून थेंबाथेंबाने तिच्या बुटावर पडत होतं. तिचं लक्ष नव्हतं, ती पुढे किती माणसं आहेत ते मोजत होती. आईने पदराला हात घातला आणि मग आठवलं की आज पंजाबी ड्रेस आहे.

आत चारी बाजूंनी उतरती बाकं, मध्ये रिंगण. चार भागांना चार प्राण्यांची नावं, आम्ही जिराफात. आम्ही बसलो आणि पंधराएक मिनिटांत साधी रांग आत सोडली. सेवक लोकांना सांगत होते, आत सरका, पार टोकापर्यंत सरका. आईला इंग्रजी फारसं येत नाही, पण हाताची ती खूण तिला तीस वर्षांची ओळखीची. ती सरकली. आणि आइस्क्रीमवाली बाई दोन्ही मुलांसकट आमच्याच बाकावर येऊन बसली.

आईने माझ्या कानाशी विचारलं, "हिच्याकडे पास नव्हता ना?"

"नाही."

"मग आपण काय मिळवलं?"

"पंधरा मिनिटं बसायला."

तिने गुडघा चोळत जरा विचार केला. "बरं झालं," म्हणाली. उपरोधाने की खरंच, ते मी विचारलं नाही. मग ती मान उंचावून पलीकडची बाकं न्याहाळू लागली. मला कळेना काय बघतेय. "वरच्या दोन ओळी मोकळ्या आहेत," ती म्हणाली. "पासवाले आलेले दिसत नाहीत. आता सोडतील." बाबा राखीव खुर्च्या तिसऱ्या घंटेपर्यंत धरून ठेवायचे, आणि मग दाराशी उभ्या असलेल्यांना देऊन टाकायचे. इथे घंटा झाली नाही. पण दोनच मिनिटांत बाहेर उरलेल्यांचा एक घोळका धावत आत आला आणि थेट त्या वरच्या ओळींत जाऊन बसला. आईने विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं.

मग दिवे गेले आणि रिंगणात सिंह, हत्ती, जिराफ, पुंबा असे चार मोठे रथ आले. सूत्रधार बाईने हत्तीवाल्यांना चीत्कार करायला लावलं, सिंहवाल्यांना डरकाळी. आमच्यापाशी येऊन तिने कबूलच केलं की जिराफ कसा ओरडतो ते कोणालाच माहीत नाही. अडीचशे-तीनशे माणसं एकमेकांची तोंडं बघत बसली. माझ्या मुलीने बसलेल्या आवाजात काहीतरी घोगरं काढलं, आइस्क्रीमवाल्या पोराने हंबरडा फोडला, आणि आई मोठ्याने हसली. माकडांच्या कसरती झाल्या, आगीशी खेळणारा आला, दोरीवरून एक बाई पक्षी होऊन उडाली. शेवटी पुढच्या ओळीतली मुलं मिरवणुकीत सामील करून घेतली, त्यात पासाची कोणती आणि रांगेतली कोणती ते सांगता आलं नसतं. बाहेर पडलो तेव्हा पाऊस नुकताच पडून गेला होता आणि जमिनीतून वाफ निघत होती.

रात्री हॉटेलात मुलगी पलंगावर मांडी घालून बसली, फोन माझ्यापुढे धरून. दुसऱ्या दिवशी हॉलिवूड स्टुडिओज होतं, आणि रात्रीचा 'फँटॅस्मिक' : तळ्याकाठचं उघडं नाट्यगृह, पाण्याच्या पडद्यावर चित्रं, मिकी आणि आग ओकणारा ड्रॅगन. त्याचे चार पास अजून शिल्लक दिसत होते. आमचा तिथला एक पास बदलून ते घेता आले असते. "घेऊ का, बाबा? पटकन सांग, जातील."

मी पुन्हा वेळ, पाऊस आणि गुडघे यांची गोळाबेरीज सुरू केली. आई पलीकडच्या पलंगावर तेल चोळत होती.

"आत किती जागा आहेत, ते विचार आधी," ती म्हणाली.

मुलीने बघितलं. "जवळपास सात हजार, आजी. शिवाय मागे उभं राहायला वेगळी."

"सात हजार?" आईने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "दिवा घालव आणि झोप."